सलाइनच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

भावाची रोजची दारू, तीन आठवडे धड जेवण नाही, पाच-पाच मिनिटांनी तोच प्रश्न, न पिताही झोकांड्या, आणि उद्या जवळच्या दवाखान्यात 'अशक्तपणाची सलाइन', असं तुम्ही लिहिलंय. उद्यापर्यंत थांबू नका. आजच फिजिशियन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या.

आमच्या घरी याच सलाइनने घात केला. शरीरात थायमिन (बी-१) जेमतेम ३० मि.ग्रॅ. साठतं. जेवण सुटलं की दोन-तीन आठवड्यांत ते संपतं आणि दारूमुळे नवीन नीट शोषलं जात नाही. साखर वापरायला मेंदूला थायमिनच लागतं. नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं. बाटली वाचा: डी-५, डी-१०, डीएनएस म्हणजे साखर. ५०० मि.लि. डी-५ मध्ये २५ ग्रॅम असते. एनएस आणि आरएलमध्ये नसते. "थायमिनचं इंजेक्शन आधी दिलंत का?" असं न लाजता विचारा. मात्र रक्तातली साखर घसरली असेल तर ग्लुकोज अडवू नका. तेव्हा दोन्ही एकदमच द्यावं लागतं.

"बी-कॉम्प्लेक्स दिलंय की" हे उत्तर मी तरी मान्य करणार नाही. त्या गोळीत बी-१ बहुधा १० मि.ग्रॅ.च्या आसपास असतं. वेर्निकेची, म्हणजे बी-१ संपल्याने मेंदूला होणाऱ्या इजेची, शंका असेल तर शिरेतून २०० ते ५०० मि.ग्रॅ., दिवसातून तीनदा, अर्ध्या तासात सावकाश देतात. मॅग्नेशियमही तपासायला सांगा, ते कमी असेल तर थायमिनचा गुण येत नाही. मी डॉक्टर नाही, डोस त्यांनीच ठरवायचा.

बुबुळं थरथरणं किंवा दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गोंधळणं ही वेर्निकेची तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात. त्यामुळे "उतरली की होईल ठीक" म्हणून घरी पाठवतात, याचा मला अजून संताप येतो. ती वेळ गेली की कोर्साकॉफ: नवीन काही लक्षात राहत नाही आणि माणूस रिकाम्या जागा मनाच्या गोष्टींनी भरतो. घरचे त्याला खोटारडा म्हणतात. तो खोटं बोलत नसतो.

दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. झोपेची गोळी तर स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका, दारूवर ती श्वास मंदावते. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, पण ती नंतर. आत्ता निघताना शेवटचं पेय कधी घेतलं ती वेळ कागदावर लिहा आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्या.