वाचक विचारतात: वेंडी कार्लोस 'तो' की 'ती'?

प्रश्न: सिंथेसायझर ह्या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या इतिहासावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय, त्यात अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोसशिवाय पान हलत नाही. पण १९६८ मध्ये बाखच्या रचना सिंथेसायझरवर वाजवलेला 'स्विच्ड-ऑन बाख' हा अल्बम आला तेव्हा त्यावर पुरुषाचं नाव होतं, ग्रॅमीसुद्धा त्याच नावाने मिळाली. मित्र म्हणतो, १९७९ पर्यंत 'त्याने' लिही आणि पुढे 'तिने', इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवं. संपादक म्हणतात, सगळीकडे 'त्यांनी' टाका, वादच नको. काय करू? – एक वाचक, नाशिक
(पत्रात त्यांचं जुनं नाव होतं, ते इथे छापलेलं नाही.)

उत्तर: कार्लोस ट्रान्स स्त्री आहेत, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा ठरवलं गेलं तरी त्या स्त्री आहेत. म्हणून सगळीकडे 'त्या' लिहा. १९६८ बद्दलही, अगदी लहानपणाबद्दल लिहिताना पण.

तुमच्या मित्राचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, पण तो ज्या इतिहासाशी प्रामाणिक राहा म्हणतोय तो इतिहास नीट बघा. कार्लोस यांचे हार्मोनचे उपचार १९६८ मध्येच सुरू झाले होते, म्हणजे बाखचा अल्बम आला त्याच वर्षी, आणि १९६९ पासून त्या स्त्री म्हणूनच राहत होत्या. पण अल्बम इतका गाजला की लोकांसमोर जाणं आलं. सेंट लुईसच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं होतं तेव्हा स्टेजवर जाण्याआधी त्या हॉटेलच्या खोलीत रडल्या, मग खोटे कल्ले चिकटवले, पुरुषी विग घातला आणि भुवयांच्या पेन्सिलीने गालावर दाढीचे खुंट काढले. टीव्हीवर डिक कॅव्हेटच्या शोमध्ये जातानाही तेच, सिनेमा दिग्दर्शक स्टॅन्ले क्युब्रिकला भेटायला जातानाही तेच. हे सगळं त्यांनी स्वतः १९७९ मध्ये 'प्लेबॉय'ला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं, त्यांनी जाहीरपणे सांगितलं ते तेव्हाच. म्हणजे मार्च १९७० मध्ये तीन ग्रॅमी मिळाल्या तेव्हा जगाला जो 'तो' दिसत होता ती पेन्सिलीने काढलेली दाढी होती. आज आपल्याला सगळं माहीत असताना आपण 'त्याने' लिहिलं तर ती दाढी आपण पुन्हा काढतोय, आणि ह्यावेळी त्यांना न विचारता.

'त्यांनी' वाला मार्ग मला कळतो, मराठीत तो फार सोयीचा आहे. 'त्यांनी अल्बम केला', 'त्यांनी सूर लावले', क्रियापद अल्बमच्या आणि सुरांच्या मागे जातं, माणूस बाई की पुरुष ते कळतच नाही. पण हे किती वेळ चालणार? 'त्यांनी मूगसमोर (म्हणजे बॉब मूग यांनी बनवलेल्या सिंथेसायझरसमोर) बसून'पर्यंत ठीक, पुढे 'तासन् तास घालवले' पण जमेल, मग त्या थकल्या की थकले? एकट्या होत्या की एकटे होते? इंग्रजीत सर्वनाम सांभाळलं की बऱ्यापैकी भागतं, आपल्याकडे क्रियापद बोलतं, विशेषण बोलतं, 'लाडकी' बोलतं, 'पहिली' बोलतं. अख्खा लेख असा अंग चोरून लिहिलात तर वाचकाला वाटणार की ह्या बाईंबद्दल काहीतरी लपवण्यासारखं आहे. कोणी स्वतःबद्दल काही सांगितलेलंच नसेल तिथे 'त्यांनी' जरूर वापरा, पण इथे त्यांनी स्वच्छ सांगितलंय.

आणि हो, फाइंड-रिप्लेस करू नका प्लीज. मी असा एक मजकूर तपासलाय ज्यात 'तो'चं 'ती' झालं होतं आणि पुढे 'स्टुडिओत रात्रभर बसला' तसंच राहिलं होतं. वाचणाऱ्या ट्रान्स मुलीला त्या एका 'बसला'ने काय वाटेल ह्याचा विचार करा. शेवटी एकदा मोठ्याने वाचून काढा, कान पकडतो.

जुन्या नावाचं म्हणाल तर ते लागतच नाही. जुनी रेकॉर्ड शोधणाऱ्याला अल्बमच्या नावाने ती सापडते, नंतरच्या आवृत्त्यांवर वेंडी हेच नाव आहे. वरचं सगळं मी ते नाव न लिहिता सांगितलं, तुमचं कुठे अडलं? मूळ कव्हरचा फोटो छापणार असाल आणि त्यात नाव दिसत असेल तर मात्र खाली एक ओळ द्या की कव्हरवर तेव्हाचं नाव आहे, आणि पुढे चला. 'खरं नाव अमुक' असं तर कधीच नको, वेंडी हेच खरं नाव आहे. 'पुढे तो स्त्री झाला' हे पण नको, त्याऐवजी '१९७९ मध्ये त्यांनी आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं' लिहा, घडलंही तेच. 'तृतीयपंथी' हा शब्द आपल्याकडे एका विशिष्ट समाजाशी आणि त्याच्या परंपरेशी जोडलेला आहे, अमेरिकेतल्या कार्लोसना तो लावू नका, 'ट्रान्स स्त्री' किंवा 'पारलिंगी स्त्री' म्हणा.

अजून एक, कच्चा लेख पाठवलात त्यात 'बॉब मूग यांनी' आहे आणि लगेच खाली 'कार्लोसने'. एकाला आदरार्थी आणि दुसरीला एकेरी का? मूगचं ते सुरुवातीचं यंत्र एका वेळी एकच सूर काढायचं, त्यामुळे बाखच्या रचनेतली प्रत्येक ओळ वेगळी वाजवून, टेपवर एकावर एक चढवत त्यांनी तो अल्बम उभा केलाय. लेखाची जास्त जागा ह्या कामाला द्या, ट्रान्स असण्याला दोन-तीन वाक्यं पुरतात.

प्रश्न: मग अमेरिकन जॅझवादक बिली टिप्टनचं काय? ती तर बाईच होती ना, जॅझमध्ये काम मिळावं म्हणून पुरुषी कपडे घालणारी? – एक वाचक, ठाणे

उत्तर: 'होती' नको, 'होते' लिहा. टिप्टन पियानो आणि सॅक्सोफोन वाजवायचे, १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात वारले तेव्हा त्यांच्या शरीराबद्दल बाहेर कळलं, आणि पेपरवाल्यांनी एका रात्रीत त्यांची 'ती' करून टाकली. पन्नासहून जास्त वर्षं हा माणूस पुरुष म्हणून जगला, संसार केला, तीन मुलं दत्तक घेतली, ती मुलं त्यांना बाबा म्हणूनच ओळखायची. कामासाठी केलं म्हणावं तर वाजवणं थांबल्यावर, घरात, आजारपणात पण का केलं असतं? त्यांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही हे खरं, म्हणून 'ट्रान्स पुरुष' हा शब्द मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण कसं जगायचं हे त्यांनी रोज सकाळी उठून ठरवलं होतं, ते पुरेसं आहे. त्यांच्या मुलांनी 'बाबा गेले' असं म्हणायचं आणि आपण 'गेली' लिहायचं, हे मला लिहवतच नाही.

प्रश्न: ब्रिटिश गायक सॅम स्मिथसाठी मराठीत काय वापरायचं? – एक वाचक, पणजी

उत्तर: सॅम स्मिथ यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं की आपल्यासाठी इंग्रजीतलं 'दे' (they) वापरा. मराठीत सगळ्यात जवळचं आदरार्थी 'ते', फक्त वाचकाला ते पुरुषासाठी वाटणार, म्हणून सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाका की स्मिथ नॉन-बायनरी आहेत, म्हणजे स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री मानत नाहीत. मग जमेल तिथे नाव, जमेल तिथे 'त्यांनी', आणि अडलं की 'ते आले', 'ते गायले'. 'ते आलं', 'ते गायलं' मात्र नको. तान्ह्या बाळाला आपण प्रेमाने तसं म्हणतो, पण मोठ्या माणसाला म्हटलं की वस्तू केल्यासारखं होतं, आणि ट्रान्स लोकांना नेमकं तसंच हिणवलं जातं. कोणी स्वतःच 'मला ते आलं म्हणा' असं सांगितलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा तसंच लिहा.