दोन नाणी, तीन निकाल?

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) करतेय. दोन नाणी उडवली तर दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, असे तीनच निकाल. मग एकेक येण्याची संभाव्यता १/३ का नाही, असं ती विचारते. पुस्तकात १/२ आहे.
— एक पालक, खानापूर

उत्तर : तिला रागावू नका. द'अलांबेर या नामवंत फ्रेंच गणितज्ञाने १७५४ मध्ये विश्वकोशात याच जातीची चूक छापली : दोन फेकींत निदान एक छापा येण्याची संभाव्यता ३/४ ऐवजी २/३.

निकाल तीन म्हणा हवं तर, पण ते समसंभाव्य नाहीत. एक नाणं रुपयाचं, दुसरं पाचाचं घ्या. रुपयावर छापा नि पाचावर काटा हा एक निकाल, त्याच्या उलट हा दुसरा. 'एकेक'च्या पोटात हे दोन आहेत. म्हणजे एकूण चार, प्रत्येकी १/४. दोन्ही नाणी रुपयाची घेतली तरी हेच. आपल्याला ती ओळखू येत नाहीत, याचं नाण्यांना काय!

पटत नसेल तर दोन्ही नाणी शंभर वेळा उडवायला लावा. 'एकेक' बहुधा ४० ते ६० वेळा येईल. मुलीच्या हिशेबाने ३३ च्या आसपास यायला हवं. दहा-बारा फेकींत मात्र काहीच ठरत नाही. नाणी उंच उडवावीत, टेबलावर भिंगरीसारखी फिरवू नयेत. कडेच्या घडणीमुळे एक बाजू जास्त पडू शकते.

आणि 'दोनच शक्यता, म्हणून निम्मी' हेही नको. जुलैत खानापुरात पाऊस पडेल किंवा पडणार नाही, शक्यता दोनच. म्हणून छत्री एक दिवसाआड न्यायची का?

प्रश्न : पटाच्या खेळात आम्ही फोडलेल्या चार चिंचोक्यांनी दान पाडतो. काळी नि पांढरी, बाजू दोनच. शक्यता १/२ धरू का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : धरू नकोस. काळं अंग फुगीर, फोडलेलं पांढरं अंग सपाट. दोन्ही बाजू सारख्या पडतील असं मानायला आधार नाही. एकच चिंचोका शंभरदा टाक नि पांढरं किती वेळा वर आलं ते लिही. ६० वेळा आलं तर अंदाज ०.६, त्यातही थोडं इकडेतिकडे धरायचं. प्रत्येक चिंचोका वेगळा फुटतो, म्हणून चारही स्वतंत्र तपास. चौघांचा अंदाज ०.६ निघाला, तर चारही पांढरे पडण्याची शक्यता १/१६ नव्हे, जवळपास १/८ होते.