अस्थिबंधातली अस्थी आणि पोटातले बंध

रुग्णांसाठीच्या माहितीपुस्तिकांचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'लिगामेंट' या शब्दासाठी सर्वत्र 'अस्थिबंध' लिहिण्याची सवय झाली होती; पण यकृताच्या 'फाल्सिफॉर्म लिगामेंट'पाशी आल्यावर 'यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा विळ्याच्या आकाराचा अस्थिबंध ही उदरपोकळीच्या आवरणाची घडी आहे' असे वाक्य तयार झाले आणि ते खटकले. येथे अस्थिबंध म्हणावे का, म्हणू नये तर काय म्हणावे, आणि 'पेरिटोनियम'साठी उदरावरण घ्यावे की पर्युदर?

वाक्य खटकले हे योग्यच झाले. त्यात दोन चुका आहेत. एक डोळ्यांना लगेच दिसणारी आणि दुसरी 'उदरपोकळी' या निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दात दडलेली.

पहिली चूक अस्थीची. 'लिगामेंट' हा शब्द बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ पट्टी, बंधन इतकाच आहे. त्या शब्दात हाड कोठेही नाही. गुडघा, घोटा, खांदा येथे हा पट्टा एका हाडाला दुसऱ्या हाडाशी जखडून ठेवतो, म्हणून परिभाषा घडवणाऱ्यांनी 'अस्थिबंध' असा अर्थ सांगणारा शब्द केला, आणि सांध्यांपुरता तो उत्तम आहे. अडचण एवढीच की शब्द करताना त्यांनी वस्तूच्या नावात तिचा पत्ताही लिहून टाकला. वस्तू दुसऱ्या ठिकाणी भेटली की तो पत्ता खोटा ठरतो. यकृत, प्लीहा, जठर, गर्भाशय यांना जागच्या जागी धरून ठेवणारे जे पट्टे आहेत, त्यांचा हाडाशी काही संबंध नसतो.

काही अनुवादक यातून सुटका म्हणून 'स्नायुबंध' लिहितात. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे, पण त्याच्या मागचा इतिहास मनोरंजक असल्यामुळे थोडे थांबतो. संस्कृत वैद्यकात 'स्नायु' म्हणजे बांधणारा तंतू, आणि आकुंचन पावणारे मांस म्हणजे 'पेशी'. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक सुंदर दृष्टान्त आहे: फळ्या जोडून केलेली नाव अनेक बंधनांनी नीट आवळली म्हणजे पाण्यावर भार वाहू शकते, त्याप्रमाणे शरीरातले सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सोसतो. त्याच ठिकाणी स्नायूंचे चार प्रकार सांगितले आहेत: शाखांसारखे पसरणारे, वृत्त म्हणजे गोल, पृथु म्हणजे रुंद, आणि शुषिर म्हणजे पोकळ. यांपैकी पोकळ स्नायू आमाशय म्हणजे जठर व पक्वाशय म्हणजे मोठे आतडे यांच्या टोकांशी आणि बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, असतात असे म्हटले आहे. म्हणजे सुश्रुताचा स्नायूसुद्धा केवळ हाडांपुरता नव्हता. पुढे प्रत्येक भाषेने हा शब्द आपापल्या दिशेला ओढला. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू, आणि मराठीत स्नायू म्हणजे व्यायामशाळेत कमावतात ते. आजचा मराठी वाचक 'स्नायुबंध' वाचून मांसाची दोरी डोळ्यांसमोर आणणार. त्याला संस्कृत अर्थ आठवावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

माझ्या मते पोटातल्या लिगामेंटला नुसते 'बंध' म्हणावे आणि त्याला अवयवाचे किंवा आकाराचे विशेषण जोडावे. ही काही नवी कल्पना नाही. लहान आतड्याला पाठीमागच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पडद्याला 'आंत्रबंध' म्हणतातच, आणि तेथे अस्थीची आठवण कोणाला होत नाही. या आंत्रबंधाचे मूळ भिंतीशी सुमारे 15 सेंटिमीटर लांब असते, आणि त्याच्या मोकळ्या कडेला लटकणारे आतडे सुमारे 6 मीटर. परकराच्या नेफ्याशी वीतभर कापड आणि खाली मोठा घेर अशीच ही रचना आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तकातल्या पंख्याच्या उपमेपेक्षा चुण्यांची उपमा मराठी वाचकाला लवकर कळते असा माझा अनुभव आहे.

'बंध' या मोकळ्या शब्दाचा दुसरा फायदा असा की पोटातले सगळे लिगामेंट एका जातीचे नाहीत. विळ्याच्या आकाराचा बंध ही पातळ आवरणाची दुपदरी घडी आहे. परिभाषेत तिला 'दात्रबंध' म्हणता येईल, कारण दात्र म्हणजे विळा, परंतु रुग्णासाठी लिहिताना 'विळ्यासारखा बंध' हेच बरे. याच घडीच्या मोकळ्या कडेत यकृताचा गोल बंध असतो. तो मुळात बंध नव्हताच. गर्भावस्थेत वारेकडून नाळेवाटे रक्त आणणारी ती नीला होती, जन्मानंतर ती बंद पडून तिची दोरी झाली. जांघेतला बंध म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या एका स्नायूच्या पसरट कंडरेची, म्हणजे स्नायूच्या टोकाच्या चिवट पट्ट्याची, दुमडलेली कड. आणि प्रागमध्ये काम केलेल्या शरीररचनातज्ज्ञ ट्राइट्झ यांच्या नावाने 1853 पासून ओळखला जाणारा, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणाला वर ओढून धरणारा बंध हा बऱ्याच अंशी मांसतंतूंचा आहे. घडी, वाळलेली शीर, कंडरेची कड आणि मांस या चौघांना 'अस्थिबंध' लागू पडत नाही. 'बंध' चौघांनाही लागू पडतो, कारण तो फक्त काम सांगतो.

बंध नेहमी फक्त बांधतो असेही नाही. यकृत आणि ग्रहणी म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, यांच्यामधला बंध घ्या. त्याच्या घडीत यकृताकडे जाणारी प्रतिहारी नीला, यकृताची रोहिणी आणि पित्तनलिका अशा तीन नळ्या असतात. यकृताला जखम होऊन रक्त वाहू लागले तर हा बंध चिमटीत धरून रक्तपुरवठा थांबवता येतो, हे शस्त्रवैद्य प्रिंगल यांनी 1908 मध्ये दाखवले. त्या जागी 'अस्थिबंध चिमटीत धरला' असे लिहिणाऱ्या अनुवादकाची मला खरोखरच काळजी वाटते.

आता पेरिटोनियम. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'सभोवती ताणून बसवलेले' असा आहे. त्यातला 'पेरि' आणि आपला 'परि' हे एकाच मूळचे भाऊ, आणि ताणण्याचा ग्रीक धातू व संस्कृत 'तन्' हेही नातलग. तंतू, तान आणि चांदवा या अर्थाचा वितान हे सारे याच घरातले. म्हणजे शब्दशः भाषांतर करायचे असते तर 'परितान' असा देखणा शब्द मिळाला असता. ते झाले नाही. 'परि' आणि 'उदर' यांचा संधी करून 'पर्युदर' घडले आणि ते मराठी ग्रंथांत रुळले. हिंदीत 'पर्युदर्या' असेही रूप आढळते. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर पर्युदरात खोट आहे, कारण उदराच्या भोवती असते ते पोटाची कातडी आणि स्नायू. हे आवरण तर उदराच्या आत आहे. 'उदरावरण' या शब्दालाही हाच दोष लागतो आणि शिवाय तो अधिक संदिग्ध आहे. बोलण्यातला 'पोटातला पडदा' हा शब्द छाती व पोट यांच्यामधल्या मध्यपटलासाठीही वापरतात, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. पातळ पापुद्र्यासाठी सुश्रुताने वापरलेला 'कला' हा शब्द नेमका होता, पण मराठीत 'पोटाची कला' लिहिले तर लोक खानावळ शोधू लागतील. तेव्हा पर्युदर घ्यावे; पहिल्या वेळी 'पर्युदर, म्हणजे पोटातील अवयवांना आणि पोटाच्या भिंतीला आतून मढवणारा पातळ पडदा' असे सांगावे आणि पुढे तोच शब्द चालू ठेवावा. पर्युदरशोथ, म्हणजे या पडद्याला आलेली सूज, हा जोडशब्दही त्यातून सहज होतो, जो उदरावरणातून नीट होत नाही.

दुसरी चूक येथेच सापडते. उदरपोकळी आणि पर्युदरपोकळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदरपोकळी म्हणजे मध्यपटलाखाली पोटाच्या भिंतींनी वेढलेली सगळी जागा; तिच्यात यकृत, जठर, आतडी, मूत्रपिंडे सारे आले. पर्युदर ही मात्र मिटलेली पिशवी आहे. अर्धवट फुगवलेल्या फुग्यात मूठ खुपसली तर मुठीभोवती रबराचे दोन थर येतात, पण मूठ फुग्याच्या आतल्या हवेत जात नाही. आतडी आणि जठर यांची स्थिती त्या मुठीसारखी आहे. मूत्रपिंडे आणि स्वादुपिंडाचा बहुतेक भाग तर फुग्याच्या मागे, भिंतीला टेकून आहेत. फुग्याच्या आतल्या जागेत निरोगी माणसात अवयवांना एकमेकांवरून घसरू देणारा थोडासा द्रव असतो, एवढेच. म्हणून ही 'पोकळी' नावापुरती, दोन ओल्या थरांमधली फट आहे. पुरुषांत ती पूर्ण बंद असते, स्त्रियांत गर्भनलिकांच्या तोंडांनी बाहेरच्या जगाशी तिचा संबंध राहतो. जलोदरात हीच फट पाण्याने भरते आणि तिचे लिटरच्या मापाने मोजण्याजोगे तळे होते.

रुग्णाच्या पुस्तिकेत हा भेद काटेकोर पाळणे पांडित्यासाठी नव्हे. पर्युदराच्या मार्गाने केलेल्या डायलिसिसमध्ये प्रौढ माणसाच्या पर्युदरपोकळीत एका वेळी साधारण 2 लिटर द्रव सोडतात. मराठीत 'पोट' म्हणजे जठरही आणि सगळे उदरही, त्यामुळे 'पोटात 2 लिटर पाणी सोडले जाते' असे लिहिले तर रुग्ण ते पाणी प्यायच्या पाण्याच्या वाटेने जाते असे समजू शकतो. 'उदरपोकळीत' म्हटल्याने हा गैरसमज पुरता जात नाही. 'आतड्यांच्या बाहेर, पर्युदराच्या दोन थरांमधल्या पोकळीत' एवढे लांब लिहिणे येथे आवश्यक आहे.

'ओमेंटम'ला काय म्हणावे हे विचारलेले नाही, परंतु तो शब्द त्याच पानावर पुढे येणारच. जठराच्या मोठ्या वळणापासून आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी ही चरबीची जाळी पर्युदराचीच घडी आहे, आणि पोटात कोठे सूज आली की ती तेथे जाऊन चिकटते व संसर्ग पसरू देत नाही, म्हणून शस्त्रवैद्य तिला पोटातला पोलीस म्हणतात. तिच्यासाठी 'वपा' हा शब्द कोणाला घडवावा लागला नाही. वैदिक पशुयागात ही जाळी काढून अग्नीत देत, त्या आहुतीला वपाहोम म्हणत, आणि ती भाजण्याच्या काटक्यांनाही वपाश्रपणी असे स्वतंत्र नाव होते. चरकाने कोष्ठातली, म्हणजे धडाच्या पोकळीतली, जी 15 अंगे मोजली आहेत त्यांत शेवटचे वपावहन आहे आणि मेदाच्या स्रोतसांचे, म्हणजे मेद वाहणाऱ्या मार्गांचे, एक मूळ म्हणूनही त्याने ते सांगितले आहे. ज्यांनी हा शब्द वापरला त्यांनी ती वस्तू हातात धरली होती, हे त्या शब्दाच्या नेमकेपणात जाणवते. 'वपाजाल' म्हटले तरी चालेल.

वपेच्या मागे, जठराच्या पाठीशी, पर्युदराची एक आतली लहान पिशवी आहे. तिला 'लघुकोश' म्हणतात. मला मात्र येथे 'धाकटी कोथळी' म्हणण्याचा मोह होतो. कोथळी म्हणजे पिशवी आणि कोथळा म्हणजे मोठी पिशवी. अफझलखानामुळे आपण तो शब्द बाहेर काढण्यापुरताच वापरतो, पण पोटाला थैली समजणारी भाषा तीच. धाकटीत शिरण्याची वाट शरीररचनातज्ज्ञ विन्स्लो यांच्या नावाच्या छिद्रातून जाते, आणि त्या छिद्राच्या पुढच्या कडेलाच तीन नळ्यांचा वर सांगितलेला बंध आहे.

अशा जागांसाठी संस्कृत नावे घडवण्याची घाई करू नये, कारण मराठी घरात त्यांची नावे आधीच आहेत. भिंतीत आत गेलेली जागा म्हणजे कोनाडा. गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधला कोनाडा डग्लस यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी 1730 मध्ये लंडनला पर्युदराचे वर्णन करणारे पुस्तक काढले होते. सोनोग्राफीच्या अहवालात 'पीओडीत (पाउच ऑफ डग्लसमध्ये) द्रव नाही' असे असते ते याच जागेबद्दल. बसलेल्या किंवा उभ्या स्त्रीच्या पर्युदरपोकळीतला हा सर्वांत खोल भाग, म्हणून पाणी प्रथम येथे साचते. यकृत आणि उजवे मूत्रपिंड यांच्यामधला कोनाडा मॉरिसन यांचा. माणूस उताणा निजला की पोटाच्या वरच्या भागातले पाणी तेथे उतरते, म्हणून अपघातानंतर सोनोग्राफीत रक्त शोधताना तो आवर्जून पाहतात.

मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या बाजूने खाली डग्लसच्या कोनाड्याकडे जाणाऱ्या खोबणींना इंग्रजीत 'गटर' म्हणतात, त्याला मराठीत 'पन्हळ' हा कौलारू घराचा शब्द तंतोतंत बसतो, कारण त्यांतून पाणी, पू, रक्त खरोखरच वाहत असते. उजवी पन्हळ वर मॉरिसनच्या कोनाड्यापर्यंत मोकळी आहे, म्हणून अपेंडिक्स फुटल्याचा पू कधी यकृताखाली जाऊन साचतो. डावीकडे तसे सहसा होत नाही, कारण मोठे आतडे आणि मध्यपटल यांच्यामधली एक आडवी घडी प्लीहेखाली पन्हळीचे तोंड अडवून बसली आहे. तिच्याही नावात 'लिगामेंट' आहेच. शेतात पाणी अडवायला घालतो तो बांध आणि आपला बंध हे एकाच धातूचे, तेव्हा वाचकाने येथे 'बंध' ऐवजी चुकून 'बांध' लिहिले तर मी ते दुरुस्त करणार नाही. मूळ वाक्य मात्र असे लिहावे: 'यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारा विळ्यासारखा बंध ही पर्युदराची दुपदरी घडी आहे.'