कृषी सल्ला : मध आंबला? उकळू नका, आधी काढणी सुधारा

प्रश्न : संत्रा आणि तूर आहे, बांधावर सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या आहेत. तूर फुलोऱ्यात असताना मध काढला. महिनाभरात बरणीचं झाकण फुगलं, वर फेस आला. दुकानदार म्हणतो, उकळून पुन्हा भरा आणि पेटीत साखरेचा पाक देत राहा, मध दुप्पट निघेल. काय करू? (वरुड तालुका)

उत्तर : भाऊ, मध पिकायच्या आधीच काढला गेला. भाव चांगला दिसला की होणारी ही घाई मी अनेक गावांत पाहतो. फुलातला रस आणल्यावर माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात आणि मगच पोळ्याच्या घरांवर मेणाची टोपी चढवतात. चौकटीतली निदान पाऊण घरं मेणबंद झाल्याशिवाय तिला मध काढायच्या यंत्रात घालू नका. शंका असेल तर चौकट आडवी धरून झटका द्या. थेंब उडाले तर ती परत पेटीत ठेवा. मधात 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी राहिलं की तो आंबतो, आणि अन्नसुरक्षेच्या नियमातली मर्यादाही तीच आहे.

उकळू नका. फेस थांबेल, पण वास, रंग, गुण सगळं जाईल आणि तो मध न तापवलेला म्हणून विकणं ही फसवणूक होईल. आंबलेला मध चांगल्या मधात मिसळू नका, माश्यांनाही देऊ नका.

आता पाक. दुकानदाराला साखर विकायची आहे, तुमची पेटी जगवायची नाही. वर मधाची कोठी चढवलेली असताना पाक देऊ नका, एक वाटीसुद्धा नाही. तो पाक माश्या मधाच्याच घरांत भरतात आणि उसाची साखर प्रयोगशाळेत सापडते. एकदा माल परत आला की गिऱ्हाईक तुटतं. पाक फक्त भर पावसाळ्यात, फुलोरा नसताना, मधाची कोठी उतरवल्यावर द्यायचा : साखर आणि पाणी सारख्या वजनाने, संध्याकाळी, थोडाथोडा. गूळ नको. तूर फुलायच्या आधी पाक बंद. दुकानदार 'रोग येऊ नये' म्हणून प्रतिजैविकाची पुडी देईल, तीही घेऊ नका. त्याचा अंश मधात उतरतो.

त्यापेक्षा माझं ऐका. खालच्या, अंड्या-पिल्लांच्या कोठीतल्या मधाला हात लावू नका. तो माश्यांचा आहे. तोच काढून घेतला तर वसाहत पेटी सोडून जाते आणि पुढच्या हंगामात हाती रिकामं लाकूड उरतं. काढलेला मध मलमलच्या कापडातून गाळून काचेच्या कोरड्या बरणीत भरा. जस्ताच्या डब्यात नको.

शेंगअळीसाठी तुरीवर दिवसा फवारणी केली तर पेट्या रिकाम्या होतील. फवारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारा आणि शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगा. दोन-तीन औषधं एका पंपात मिसळू नका. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तिथे माशीचं काय घेऊन बसलात.

मध केंद्र योजनेत खादी व ग्रामोद्योग मंडळाकडून 50 टक्के अनुदान मिळतं. प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात करा.

दुसरा प्रश्न : थंडीत मध गोठला, भेसळ आहे का? (मोर्शी)

उत्तर : गोठला म्हणून भेसळ आहे असं नाही. शुद्ध मधही गोठतो. बरणी हाताला सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी.