पिकअपला किती वजनाचा ट्रेलर झेपेल?

प्रश्न : आमच्याकडे चार दारांची, फोर-व्हील-ड्राइव्ह हाफ-टन (म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सर्वांत हलक्या वर्गातली) पिकअप आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात तिची ओढण्याची क्षमता ९,३०० पौंड दिली आहे. आम्ही दोघे आणि दोन मुले अशा चौघांसाठी एक २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, पसंत केला आहे. त्याचे रिकामे वजन ६,००० पौंड आणि सामानासह कमाल वजन ७,५०० पौंड आहे. विक्रेता म्हणतो की तरीही १,८०० पौंडांची शिल्लक राहते, तेव्हा निर्धास्त घ्या. उलट, बरीच वर्षे ट्रेलर घेऊन हिंडणारे आमचे एक स्नेही म्हणतात की एवढा ट्रेलर या गाडीला झेपणार नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जे स्टिकर आहे, त्यावर माणसे व सामान मिळून १,४८० पौंड असा आकडा आहे. आम्ही कोणता आकडा धरावा?

उत्तर : दारावरचा १,४८० हाच आकडा धरावा. आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि हा ट्रेलर आपण घेऊ नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

माहितीपत्रकातील ९,३०० हा आकडा खोटा असतो असे नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपची ओढक्षमता आता एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाप्रमाणे ठरवली जाते आणि त्यातली चढाची चाचणी चांगलीच कडक आहे. ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ भर उन्हाळ्यात, एअर कंडिशनर पूर्ण क्षमतेने चालू ठेवून चढायचा असतो, आणि मागे एकेरी चाके असलेल्या पिकअपचा वेग तिथे ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा कस त्यात पुरेपूर लागतो. परंतु हा आकडा काढताना गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात, हौद्यात सामान जवळपास नसते, आणि ट्रेलरचा हिचवर (गाडीला ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर) पडणारा उभा भार, म्हणजे टंग वेट, ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्केच मानलेला असतो. आपले कुटुंब सहलीला निघते तेव्हा यांतली एकही गोष्ट तशी नसते.

ट्रेलर ओढणे आणि ट्रेलरचा भार अंगावर पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत. ओढण्याचे काम इंजिन करते. पेलण्याचे काम गाडीची चौकट (चेसिस), मागचा आस, स्प्रिंगा आणि टायर करतात. हाफ-टन पिकअपच्या बाबतीत बहुतेक वेळा इंजिनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी पेलण्याची मर्यादा संपते, आणि इंजिन दमदार असल्यामुळे चालकाला सपाट रस्त्यावर ते जाणवतही नाही. म्हणूनच ‘गाडी मस्त ओढते’ हा अनुभव खरा असला तरी सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

ट्रॅव्हल ट्रेलरचा टंग वेट त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर मागे झोके घेऊ लागतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला किंवा उतारावर आडवा वारा लागला की ते झोके आवरणे अवघड होते. त्यामुळे भार कमी करण्यासाठी सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणे हा उपाय नव्हे. त्यातून अपघात ओढवतो. हिशेबासाठी मी १३ टक्के धरतो.

आता आपल्या गाडीचा हिशेब करू. स्टिकरवरील १,४८० पौंडांत चालकासह सगळी माणसे, सगळे सामान आणि टंग वेट मावला पाहिजे. आपली नेमकी वजने मला ठाऊक नाहीत, म्हणून अंदाजाने दोन प्रौढ आणि दोन मुले मिळून ४८० पौंड धरतो. हौद्यात सायकली, जनरेटर, कूलर आणि हत्यारांची पेटी असे २२० पौंड सहज होतात. भार वाटून देणारी हिच (जिच्या ताणलेल्या सळ्या टंग वेटचा काही भाग गाडीच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसांवर ढकलतात) स्वतःच ८० पौंडांच्या आसपास भरते आणि हौद्यावरचे झाकण नंतर बसवले असेल तर त्याचे ५० पौंड धरावेत, कारण स्टिकरवरचा आकडा गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा असतो. ही बेरीज ८३० होते. १,४८० मधून ८३० वजा केल्यावर टंग वेटसाठी ६५० पौंड उरतात, आणि ६५० ला ०.१३ ने भागले की ५,००० पौंड येतात. सामानासकट, पाण्यासकट, गॅससकट एवढाच ट्रेलर आपल्या गाडीला झेपतो. आपण पसंत केलेला ट्रेलर पूर्ण भरला तर त्याचा टंग वेट ९७५ पौंडांच्या घरात जाईल, म्हणजे मर्यादेपेक्षा ३२५ पौंड जास्त.

ट्रेलर निम्माच भरू, असे कुणी सुचवील. पण तो रिकामाच ६,००० पौंडांचा आहे. शिवाय पत्रकातल्या रिकाम्या वजनात पुष्कळदा बॅटरी, गॅस आणि विक्रेत्याने बसवलेल्या जादा वस्तू धरलेल्या नसतात. वीस पौंडी गॅसचा एक भरलेला सिलिंडर सुमारे ३७ पौंडांचा असतो आणि असे दोन सिलिंडर थेट हिचच्या मागे, ट्रेलरच्या जिभेवरच, म्हणजे पुढच्या निमुळत्या सांगाड्यावरच, बसवलेले असतात. पाण्याचे वजन गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, किराणा, नळ्या आणि ट्रेलर समतल उभा करण्याचे ठोकळे यांचा अंदाज तर प्रत्येक जण कमीच करतो. म्हणून ट्रेलर निवडताना रिकामे वजन विचारात घेऊच नये. त्याच्या स्टिकरवरील कमाल वजन घेऊन हिशेब करावा. त्या कसोटीला उतरणारा ट्रेलर घेतला, तर पुढे एखादी वस्तू वाढली म्हणून झोप उडत नाही.

इतर मर्यादा थोडक्यात. गाडी व ट्रेलर यांच्या एकत्रित वजनाची मर्यादा मालकाच्या पुस्तिकेत असते, मागच्या आसाची दारावरच्या लेबलवर असते, आणि हिचच्या रिसीव्हरवर (गाडीच्या मागच्या, हिच बसवायच्या खोबणीवर) भार वाटून देणाऱ्या सळ्यांसह व सळ्यांविना असे दोन वेगळे आकडे असतात. यांपैकी जी मर्यादा सर्वांत आधी लागते तीच आपली खरी मर्यादा.

ट्रेलर घेतल्यावर मात्र कागदावरच्या हिशेबावर थांबू नये. महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर जे मोठे वजनकाटे असतात, त्यांवर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजने वेगवेगळी मिळतात. सहलीला निघताना जशी भराल तशी गाडी भरून, सगळ्यांना बसवून, तीनदा वजन करावे : गाडी एकटी, ट्रेलर जोडून पण सळ्या सैल ठेवून, आणि सळ्या ताणून. समजा एकट्या गाडीचे पुढे ३,०२० आणि मागे ३,१३० पौंड भरले. सळ्या सैल असताना पुढे २,७८०, मागे ३,९९० आणि ट्रेलरच्या आसांवर ४,३०० आले. गाडीवरचा भार ६,१५० वरून ६,७७० झाला, तेव्हा टंग वेट ६२० पौंड आणि ट्रेलरचे एकूण वजन ४,९२० पौंड, प्रमाण १२.६ टक्के, म्हणजे योग्य. त्याच वेळी पुढच्या चाकांवरचे २४० पौंड उचलले गेले आहेत हेही दिसते, आणि स्टिअरिंग हलके पडते ते यामुळेच. सळ्या ताणल्यावर पुढे २,९२०, मागे ३,७१० आणि ट्रेलरवर ४,४४० आले, तर पुढच्या चाकांना १४० पौंड परत मिळाले आणि ट्रेलरच्या आसांनीही आपला वाटा उचलला. पुढे किती भार परत आणायचा हे प्रत्येक उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेच प्रमाण मानावे. हे तीन कागद ज्याच्या हाती आहेत, त्याला विक्रेत्याचे किंवा स्नेह्यांचे, कुणाचेच म्हणणे केवळ विश्वासावर घ्यावे लागत नाही.

मन २८ फुटी ट्रेलरवरच बसले असेल, तर त्याच्या मापाची थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे हाफ-टनच्या वरच्या वर्गातली, पिकअप पाहावी. मात्र तिच्याही दारावरचे स्टिकर आधी वाचावे. डिझेल इंजिन, सनरूफ आणि उंची सजावट यांच्या वजनामुळे त्या वर्गातल्याही काही गाड्यांचा पेलभार अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो.

प्रश्न : ट्रेलर जोडल्यावर आमची पिकअप मागून दबते. मागे एअर स्प्रिंग (हवेने फुगणारे रबरी स्प्रिंग) बसवून घेतले तर तिची क्षमता वाढेल का?

उत्तर : नाही. एअर स्प्रिंगने गाडीची मागची बाजू उचलली जाते, परंतु आस, चाके, टायर, ब्रेक आणि चौकट होती तशीच राहतात, आणि दारावरच्या स्टिकरवरचा आकडाही बदलत नाही. नुसत्या एअर स्प्रिंगने पुढच्या चाकांवरचा गेलेला भारही परत येत नाही. ते काम हिचच्या सळ्यांचे आहे. म्हणून आधी काट्यावर जाऊन गाडी मर्यादेत आहे का ते पाहावे. मर्यादेबाहेर असेल तर सामान कमी करावे किंवा लहान ट्रेलर घ्यावा. मर्यादेत असूनही ती फार दबत असेल तर सळ्यांचा ताण आणि हिचच्या डोक्याची उंची व कल तपासून घ्यावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. त्यानंतरही एअर स्प्रिंग बसवावेसे वाटले तर हरकत नाही, परंतु त्यातील हवेचा दाब बदलला की सळ्यांनी केलेली भाराची वाटणी बदलते, तेव्हा ते बसवल्यावर पुन्हा काट्यावर जाऊन पुढच्या आसाचे वजन पाहावे.