गॅमा किरणांचा स्फोट आणि सुपरनोव्हा एकच आहेत का?

एकच नाहीत, पण नातं जवळचं आहे. सूर्याच्या कित्येक पट वजनदार ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा कोसळतो; असा तारा फुटला की त्याला सुपरनोव्हा म्हणतात. गाभ्यात कृष्णविवर तयार झालं आणि तारा वेगाने फिरत असला, तर दोन्ही ध्रुवांकडून जवळपास प्रकाशाच्या वेगाने झोत बाहेर पडतात. असा झोत नेमका आपल्या दिशेने असेल तरच आपल्याला गॅमा किरणांचा भपका दिसतो. सुपरनोव्हाचा प्रकाश मात्र सगळीकडे पसरतो आणि काही दिवसांनी सर्वांत तेजस्वी होतो.

या नात्याचा पहिला धागा २५ एप्रिल १९९८ च्या गॅमा स्फोटाने दिला: त्याच जागी सुपरनोव्हा सापडला. तरी शंका उरलीच होती, कारण तो भपका फारच फिका होता. २९ मार्च २००३ च्या झगझगीत स्फोटाच्या मावळत्या प्रकाशात सुपरनोव्हाचा वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड) मिळाला, तेव्हा बहुतेकांना पटलं.

हे झालं दोन सेकंदांहून जास्त टिकणाऱ्या, म्हणजे लांब गॅमा स्फोटांचं. त्याहून छोटे बहुतेक न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या वजनदार ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) टकरीतून येतात. २०१७ मध्ये गुरुत्वीय लहरींसोबत (अवकाशात उठणाऱ्या तरंगांसोबत) तसा एक पकडला गेला. (२०२१ च्या एका लांब स्फोटाने मात्र ही वाटणीही बिघडवली, त्यात टकरीच्याच खुणा होत्या!) आणि उलट बाजूने पाहिलं तर बहुसंख्य सुपरनोव्हांमधून असा भपका निघतच नाही.