थंडी वाजते की लागते?

प्रश्न : आमच्या शेजारी विशाखापट्टणमची मुलगी सून म्हणून आली आहे. मराठी अगदी मन लावून शिकते. परवा एसी बसमधून उतरताना ती म्हणाली, "काकू, मला फार थंडी लागली." माझा नातू फिदीफिदी हसला. मी त्याला दटावलं, पण "मग ‘वाजते’ का म्हणायचं?" असं तिने विचारल्यावर मलाच सांगता येईना. ‘लागते’ चूक आहे का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नातवाला माझ्यातर्फेही एकदा दटावा. भूक लागते, तहान लागते, ऊन लागतं, मग थंडीनेच काय घोडं मारलंय? तिने हे हिंदीवरून उचललं असणार, आणि नागपूरकडे तर ‘थंडी लागते’ मराठी माणसाच्या तोंडूनही ऐकू येतं. तरी आपल्याकडे रुळलंय ते ‘वाजते’च, तेव्हा तिला तेच शिकवा.

का वाजते? दात वाजतात म्हणून, असं आमचे मास्तर सांगायचे. गोड आहे, पण माझी गुजराती शेजारीण ‘टाढ वाय छे’ म्हणते, आणि वारा वाहतो तेव्हा ‘पवन वाय छे’. मला दातांपेक्षा हा वारा जास्त पटतो.

या ‘वाजते’ने माझी एकदा फजिती केली आहे. १९९१ साली बँकेने मला हैदराबादला धाडलं. डिसेंबरातली सकाळ, नुकतंच शिकलेलं तेलुगू, आणि मी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना ऐटीत म्हणालो, "नाकु चलि मोगुतोंदि." त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग दाराकडे. ‘मोगडं’ म्हणजे घंटेसारखं वाजणं. तेलुगूत थंडी वाजत नाही, ‘चलि वेस्तोंदि’, म्हणजे शब्दशः टाकते, घालते. भूकही ‘वेस्तोंदि’, तहानही, भीतीसुद्धा. एका क्रियापदात चार कामं! त्या बिचारीला मराठीत मात्र भूक लागते, थंडी वाजते आणि भीती वाटते, हे सगळं वेगवेगळं पाठ करायचंय. नातवाला सांगा, हसायच्या आधी हे मोजून बघ.

तिला सोपं जाईल असंही काही आहे. ‘निद्र वस्तोंदि’ म्हणजे झोप येते, ‘कोपं वस्तोंदि’ म्हणजे राग येतो. इथे दोन्ही भाषांत ‘येणं’च आहे, तेव्हा सुरुवात इथून करा. शिवाय तिचं ‘नाकु’ म्हणजे आपलं ‘मला’. भाषांची कुळं वेगळी, पण थंडी सोसणारा माणूस दोन्हीकडे ‘मला’तच बसतो. तमिळमध्येही ‘एनक्कु कुळिरुदु’, तिथे तर थंडीचंच क्रियापद झालंय. बंगालीत मात्र ‘आमार शीत कोरछे’, माझी थंडी करते. (हेच बंगाली लोक पाणीही खातात, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

आणि हिंदीचं मराठीवर आक्रमण होतंय म्हणून गळे काढणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहावं. "मेरे को ठंडी बज रही है" हे मी स्वतः ऐकलंय. आपलं क्रियापदही तिकडे बिनतिकीट जाऊन बसलंय की!

एक राहिलं. कोपरखैरण्यात थंडी वाजणार वर्षातून पंधरा दिवस, एसी बस सोडली तर. तिला आधी ‘उकडतंय’ शिकवायला हवं होतं. ती विशाखापट्टणमची, समुद्रकाठचा घाम तिला नवा नाही. तिकडे म्हणतात ‘उक्क पोस्तोंदि’, उकाडा ओततो. ‘उक्क’ आणि ‘उकड’ कानाला तर सख्ख्या बहिणीच वाटतात. हा शब्द तिला एका दिवसात येईल.